ओतोर्गार

चहा ओत आधी, मग सांगते. आमच्या निजामपुऱ्यात स्थळ आलं की मुलीची चुप्पी म्हणजे होकार. मला स्थळ आलं तेव्हा मी स्पॅनिश शिकत होते. मॅडमनी एक भारदस्त शब्द दिला होता, ओतोर्गार. म्हणजे मंजूर करणं, आणि राजी होणंसुद्धा. म्हणाल्या, "तिकडेही म्हणतात, गप्प बसला त्यानं ओतोर्गार केलं."

पाहुण्यांसमोर फुफीनं, म्हणजे माझ्या आत्यानं, विचारलं, "लग्नानंतर हा कोर्स बंद. कबूल?"

माझी बोबडीच वळली. फुफी खूश. "चुप हाय, म्हंजे राजी!"

तेवढ्यात मॅडम आठवल्या. "न्हाय फुफी, राजी न्हाय. आधी कोर्स पुरा करणार. अब्बा, करू ना?"

अब्बा पंख्याकडे बघत बसले.

मी म्हटलं, "बघ फुफी, अब्बा चुप हायत. म्हंजे ओतोर्गार!"