खुणेच्या वर ठेवलेल्या टेपा

आम्ही मूळचे तुडीलचे, सावित्रीच्या काठचे. अब्बा महाडच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करायचे, त्याच गाळ्यात मी आता मोबाईलची कव्हरं नि चार्जर विकतो, आणि भाई, म्हणजे माझा मोठा भाऊ, मिसरूड फुटल्या फुटल्या कुवेतला गेला एसीच्या कामाला. तिकडनं लोक ब्लँकेटं आणतात, अत्तर आणतात, भाईनं आणल्या टेपा. पेटी भरून, सगळ्या एकाच विलायती बँडच्या. अम्मी म्हणाली, अरे मेल्या, लोकांची पोरं सोनं आणतात, तू हे गुरांचं हंबरणं काय आणलंस?

त्याच्या खोलीत एक गोव्याचा माणूस होता, त्यानं ही चटक लावली. एकेक गाणं टेपेची अख्खी बाजू खायचं. शब्द ना भाईला कळायचे ना मला, पण भाई म्हणायचा, ऐक रे, ह्या गाण्याला संपायची घाई नाय. सुट्टी संपली की पेटी माझ्या ताब्यात. तुडीलच्या घरात ओल धरते, दुकानात ठेव, बुरशी लागू देऊ नको, एवढंच त्याचं सांगणं. बायको, पोरं, घर, कशाबद्दल काय बोलायचा नाय, टेपांबद्दल मात्र बोलायचा.

आता काय सांगू तुम्हाला, आमच्या बाजारात गाळ्यागाळ्यात भिंतीवर पुराची खूण असते. अब्बांनी तांबड्या रंगानं ओढलेली आमचीही हाय. पुराचा भोंगा वाजला की माल खुणेच्या वर चढवायचा नि घरी जाऊन झोपायचं, पाणी खूण ओलांडत नाय असं आम्ही लहानपणापासून धरून चाललेलो. त्या मोठ्या पुराच्या खेपेला भोंगा वाजला तेव्हा मी माझे चार्जर, कव्हरं, सगळं वर माडीवर नेलं, आणि भाईची पेटी? ती फळीवर ठेवली, खुणेच्या हातभर वर. माडीवर जागा नव्हती असं मी म्हणत आलो. जागा होती. जिना पुन्हा चढायचा कंटाळा आला होता, बस.

पाणी फळी बुडवून गेलं, माडीला मात्र लागलं नाय. टेपांत चिखल भरला. पट्टी बाहेर ओढली, धुतली, दोरीवर वाळत घातली, तर नुसत्या सुरकुत्या. शेवटी रस्त्यावरच्या चिखलाच्या ढिगावर टाकल्या, मनात म्हटलं, आता सगळं फोनवर मिळतंच की. भाईला फोनवर सांगितलं, माडीसुद्धा बुडाली रे.

भाई परत आला तो अंगावरनं वारं गेलेला, उजवी बाजू गेली, बोलणं दोन शब्दांचं. भाबी त्याला भरवते, मी जुम्म्याला तुडीलला जाऊन बसतो. आल्या आल्या त्यानं एका गाण्याचं नाव घेतलं. फोनवर त्या बँडचं सगळं हाय, फक्त तेच नाय, नाव फिक्कं दिसतं, दाबलं तर काही होत नाय. माझी सना पुण्याला शिकते, ती म्हणाली, अब्बू, त्या बँडवाल्यांची आपसात भांडणं झाल्यात, जुनं गाणं अडकलंय, मिळतंय ते पुढं दुसरा गायक घेऊन परत केलेलं. परदेशातनं टेप मागवली. वरचं चित्र तेच जुनं, आत हे नवं. आम्ही करून करून काय करणार, विलायतेतल्या म्हाताऱ्यांची भांडणं तुडीलमधनं मिटवणार कशी?

नवं लावलं की भाई मान हलवायचा, हा नाय, म्हणजे हा तो गाणारा नव्हे. परत लावलं, परत हा नाय. दर जुम्म्याला हेच. भाबी म्हणायची, गो बाई, ह्या दोघांचं काय चाललंय!

मागच्या जुम्म्याला मी सांगून टाकलं. भाई, माडी बुडाली नव्हती. जागा होती, मी चढलो नाय. रागावला असता, डाव्या हातानं एक ठेवून दिली असती तरी मला बरं वाटलं असतं. पण तो एवढंच म्हणाला, लाव.

लावलं. तेच नवं. सगळं संपेपर्यंत डोळे मिटून पडून राहिला. मी वाट बघत होतो, आता म्हणेल, हा नाय. म्हणालाच नाय.

आजही लावून आलो. अल्ला त्याला आराम देवो. आता तो हा नाय असं म्हणतच नाय.