तिसऱ्या रांगेतली खुर्ची

वय ३४ वर्षे, धंदा पत्रा कापायच्या प्रेसवर कामगार, राहणार कारखान्यामागची वसाहत, खोली नंबर नऊ. घरात व कारखान्यात मला बारक्या म्हणतात.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, प्रत्येक प्रेसला सुरक्षा जाळी सक्तीची करावी का, यावर काल सरकारी समितीची सुनावणी होती. जाळी लावली की काम मंदावतं, म्हणून मालक संघाला ती नको आहे. संघाच्या सेक्रेटरीसाहेबांनी आम्हा ऐंशी कामगारांना सकाळी सात वाजता बसने नेऊन सभागृहात बसवलं. साहेबांची धरून खुर्च्या एक्क्याऐंशीच आहेत. आम्ही बोलायचं नव्हतं, फक्त उठायचं नव्हतं, लघवीलासुद्धा.

दहा वाजता सभागृह भरलं म्हणून शिपायाने काचेचं दार लावलं; कुणी उठून खुर्ची रिकामी केली तरच दुसरा आत. नाव पुकारल्यावर माणूस आत हजर पाहिजे, असा नियम आहे.

सव्वादहाला माझी थोरली बहीण व दाजी दाराशी आले. दाजींचे दोन्ही पंजे मागच्या वर्षी प्रेसमध्ये गेले. त्याच मशीनवर आता मी आहे. ताईनेच मालकाच्या हातापाया पडून मला तिथे लावलं. काल जाळीच्या बाजूने बोलण्यासाठी तिचा एकटीचाच अर्ज होता. मला तिसऱ्या रांगेत बघून ती हसली. दाजींना कोपराने ढोसून म्हणाली, "बघा, बारक्याने जागा धरलीय." दाराआडूनही मला ऐकू आलं. मला तिचा भयंकर राग आला. इतकं हसायचं काय होतं?

अध्यक्षांनी तिचं नाव तीनदा पुकारलं. ती दारावर थापा मारत होती. पुढच्या रांगेतले सेक्रेटरीसाहेब मागे न बघता म्हणाले, "बूड हलवलंस तर उद्यापासून येऊ नकोस." मी हललो नाही. अध्यक्षांनी 'अर्जदार गैरहजर' असं लिहून घ्यायला सांगितलं व जाळीचा विषय तिथेच मिटला.

तेव्हा ताईने पाण्याच्या स्टीलच्या बाटलीने काच फोडली. शिपायाच्या कपाळाला तीन टाके पडले. दाजींनी तिला अडवलं नाही. कशाने अडवणार?

पोलीस नेत असताना ती मला ओरडून म्हणाली, "बारक्या, दाजींना दोन घास भरव रे, सकाळपासून उपाशी आहेत."

नंतर आम्हाला जेवणाची पाकिटं वाटली. मी माझं खाल्लं. दाजी बाहेर पायरीवर बसले होते. मी बसने परत आलो.

जबाब मला वाचून दाखवला. 'थोरली बहीण' खोडून 'सदर महिला' करा, असं मी सांगितलं, कारण सेक्रेटरीसाहेब बाहेर थांबले आहेत व ते वाचणार आहेत. हवालदार म्हणाले, खोडता येत नाही. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.