आहेराची ट्रंक

आदरणीय अध्यक्ष वना आबा, व्यासपीठावरील मान्यवर, आमच्या मुख्याध्यापिका मेघा मॅडम, माझे सहकारी, पालक, विद्यार्थिनी आणि पहिल्या रांगेत बसलेले आमचे हे, सर्वांना चारुलताचा नमस्कार.

मेघा मॅडमनी आत्ता माझ्या काटकसरीचं एवढं कौतुक केलं, की निवृत्तीच्या दिवशी तरी खरं बोलावं असं वाटू लागलं. वीस वर्षांचं घरकर्ज मी चौदा वर्षांत फेडलं, हे खरं आहे. ते कसं, हे मुलींना सांगा असा मॅडमचा आग्रह. सांगते. दुधाची पिशवी विसळून ते पाणी चहात घालायचं. डाळ भिजवूनच शिजवायची. देवपूरहून पूल ओलांडून बाजारात पायी जायचं, तेही भाजीवाले आवराआवर करायला लागले की. रिक्षाला हात करायचा नाही. याचा मला अजूनही अभिमान आहे, बरं का. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही.

पण माझी आहेराची ट्रंक मॅडमना माहीत नाही.

मिळालेली एकही साडी मी नेसायचे नाही. देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी टाचून ट्रंकेत ठेवायची आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाला द्यायची. चिठ्ठी एवढ्यासाठी, की जिची साडी तिलाच परत जाऊ नये. हसू नका, तुमच्यापैकी निम्म्या जणींच्या घरी अशी ट्रंक आहे. आमचे हे तर पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात सांगत, "आमच्याकडे आहेराला खर्चच नाही!"

माझं माहेर सावद्याचं. आई, झुंबरबाई, दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला साडी घ्यायची. हाताला लागेल त्या रंगाच्या दोऱ्यानं स्वतः फॉल लावायची आणि म्हणायची, "औंदा तरी घडी मोडजो वं पोरी. मले एकडाव पाहू दे." मी म्हणायचे, "कर्ज फिटू दे, मग नेसते." दरवर्षी हेच. दुसरं काहीही मागितलं नाही हो तिनं माझ्याकडे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये ती गेली. सकाळी फोन आला. आमच्याकडे आईला शेवटची नेसवायची साडी लेकीनं न्यायची असते. मी काय केलं असेल? ट्रंक उघडली. तळाशी एक हलकी साडी होती, चिठ्ठी कधीच गळून पडलेली. शेवटी जळणारच आहे, चांगली कशाला न्यायची, असं माझ्या मनात आलं. माझ्या स्वतःच्या आईबद्दल! जळगावला गाडी बदलली तेव्हा अकरा वाजले होते. दुकानं उघडी होती.

सावद्याला बायकांनी ती उलगडली. हिरव्या साडीला आतून केशरी दोऱ्याचे टाके. माझी भावजय कामिनी हळूच म्हणाली, "ताई, हे साडी तं मायनंच तुले देल्ली व्हती ना?"

मी "नाही" म्हणाले. चार बायकांच्या देखत, आईच्या उशाशी बसून.

आणखी एक सांगायचं राहिलं. कर्ज त्याआधी आठ महिने फिटलं होतं. मधल्या दिवाळीला मी सावद्याला गेले होते, जुन्याच साडीत. आईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चहा टाकायला आत गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

आता आमचे हे समोरून खूण करताहेत, की आबांनी अंगावर घातलेली शाल काढून पिशवीत ठेव, मळेल. अहो, नाही ठेवणार. मळू दे. आबा, ही शाल कुणाच्या ट्रंकेतून आली तेही मी विचारणार नाही, पण ती माझ्या ट्रंकेत जाणार नाही एवढं नक्की. मुलींनो, डाळ भिजवा, पायी चाला, कर्जही फेडा. फक्त कुणी जीव लावून काही दिलं, तर त्याच्या डोळ्यांदेखत अंगावर घाला.

संस्थेनं मला तीस वर्षं सांभाळून घेतलं, आपण सगळे आलात, मी मनापासून आभारी आहे. इतक्या वर्षांत माझं काही चुकलं असेल, आज बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर क्षमा करा. जिची मागायची होती तिची मागायची राहून गेली, म्हणून तुमच्यापुढे हात जोडते.