धुराचा अंदाज

हसू नका, पण आमच्या दादाचं लग्न विडीच्या धुरानं जमलं. दादा हवेचा शास्त्रज्ञ, कारखान्याचा धूर कुठं जाईल याचं गणित मांडायचा. असली नोकरी कोणाला समजत नव्हती, म्हणून दोन ठिकाणांहून नकार आला होता. तिसरी मुलगी पाहायला आम्ही कन्हानला गेलो. मुलीचे वडील कोळसा खाणीतले. त्यांनी विडी पेटवली.

"मंग सांगा गा, हा धूर कुठं जाते?"

दादानं खिडकी पाहिली, पंखा पाहिला. "दाराकडे."

धूर सरळ त्याच्याच डोळ्यांत गेला. तो घळाघळा रडू लागला. हीही सोयरीक गेली, असं मला वाटलं. तेवढ्यात आतून मुलगी खुदकन हसली. वडिलांनी ते ऐकलं आणि बायकोला हाक मारली,

"साखर आण वं! पाठवणीले पोरीचा बाप रडते, इथं जावईच रडून राहिला!"