रेघ खालच्या बाजूला

मामा : आणि हे ‘शौर्याची मूक साक्षीदार’ खोड आधी. बंदूक कसली साक्ष देते? तिला विचारशील तर म्हणेल, तेल द्या.

भाची : ते साहेबांनी घातलंय, मामा. त्यांना प्रत्येक पाटीवर थोडं तरी शौर्य लागतं.

मामा : मग त्यांना सांग, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पायदळाला लांब बंदूक होती आणि घोडदळाला आखूड. कुणाच्या तरी डोक्यात आलं, सगळ्यांना मधल्या लांबीची एकच देऊ. यात शौर्य कुठं आलं? शिवणकाम आहे हे. सगळ्या गावाला एका मापाचा सदरा.

भाची : हे चांगलंय. असंच लिहिते.

मामा : माझं नाव नको घालूस.

भाची : पाटीवर कुणाचंच नाव नसतं. पन्नास शब्द आणि चार खिळे, एवढीच जागा. तुम्ही जन्मभर बंदुका तपासल्यात म्हणून तुम्हाला बसवलंय, नाहीतर संग्रहालयाच्या या मागच्या खोलीत मांजरही येत नाही. चला, पाचला छापखान्याचा माणूस येईल. ही दुसऱ्या महायुद्धातली.

मामा : घाईतली बंदूक. पहिल्या युद्धात जे भाग तासून काढायचे, तिथं आता पत्रा ठोकलाय. लाकूड मिळेल ते, पॉलिश नावाला. आमचे जुने मिस्त्री म्हणायचे, ही बंदूक नाही, निरोप आहे. लवकर पोचला म्हणजे झालं.

भाची : आणि त्यापुढची, आपोआप भरणारी?

मामा : गोळी सुटताना नळीत जो वायू होतो, त्याच्याच जोरावर पुढची गोळी आत. शिपायाचा हात मोकळा झाला. त्याआधी दर गोळीला हा मागचा दांडा, बोल्ट, हातानं ओढायचा, पुढं ढकलायचा आणि खाली पाडून बंद करायचा. नीट बंद केला नाही तर...

भाची : ते मला पाठ आहे. बाराखडीच्या आधी शिकले मी ते.

मामा : हं.

भाची : म्हणूनच ही शेवटी ठेवली. फडकं मीच काढते, थांबा. ओळखलीत?

मामा : कुठून आली ही?

भाची : लष्कराच्या चौकशीच्या कोठारातून. कोठार पाडलं, तीस बंदुका आमच्या गळ्यात मारल्या. मी यादी वाचत होते आणि नंबर दिसला. आठ सहा शून्य नऊ. बाबांना पलटणीतून काढून टाकल्याच्या पत्रावर हाच आहे. आईनं ते पत्र लग्नाच्या फोटोमागे सरकवून ठेवलंय, जसं काही फोटोला पाठ टेकायला लागते.

मामा : तू मला आधी सांगितलं नाहीस.

भाची : सांगितलं असतं तर आला नसता. तुम्ही त्यांच्या बंदुकीचा विषय निघाला की उठून कड्या दुरुस्त करायला लागता. आमच्या घरात सहा दारं आणि कड्या अकरा आहेत, सगळ्या तुमच्या हातच्या.

मामा : भाऊजींना लागायच्या.

भाची : लागणारच. कोपऱ्यापर्यंत गेलेला माणूस परत यायचा, कडी लागली का बघायला. पुन्हा जायचा, पुन्हा यायचा. आई म्हणायची, अहो, मी आत बसलेय. तर म्हणायचे, माझा भरवसा नाही, मी अर्धवट बंद करणारा माणूस आहे. आणि नोकरी मिळाली ती गोदामाच्या फाटकावर. एक डोळा गेलेला राखणदार. चोरांनी डाव्या बाजूनंच यावं, असं स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

मामा : पाटीवर काय लिहिलंयस?

भाची : वाचते. ‘महायुद्धानंतर दुरुस्त करून पुन्हा वापरात आणलेली बंदूक. सरावाच्या वेळी बोल्ट पूर्ण बंद न करता चाप ओढल्याने अपघात झाला, असा चौकशीचा निष्कर्ष. बंदूक व बोल्ट यांचे क्रमांक जुळतात.’ नाव घातलेलं नाही. लेकीनं एवढं तरी करावं.

मामा : जुळतात हे कुणी पाहिलं?

भाची : मीच. भिंग लावून. इथं नळीवर आठ सहा शून्य नऊ, आणि बोल्टच्या दांडीवरही आठ सहा शून्य नऊ. वर एक ओरखडा आहे, तोही नोंदवलाय.

मामा : आकड्यांच्या वर?

भाची : हो. सरळ, बारीक. का?

मामा : तो ओरखडा नाही, पोरी.

(मामा बोल्ट उचलतात आणि फिरवून, उलटा करून तिच्यापुढे ठेवतात.)

मामा : आता वाच.

भाची : सहा... शून्य नऊ आठ. आणि रेघ खाली आली.

मामा : इंग्रजी आकडे. सहा उलटा केला की नऊ, आठ आणि शून्य जसेच्या तसे. असा नंबर आला की आमच्याकडे त्याच्याखाली रेघ मारायची पद्धत होती. रेघ खालच्या बाजूला ठेवायची, मगच वाचायचं. पहिल्या दिवशी शिकवायचे ते हे. दुरुस्तीला शंभर बंदुका यायच्या, बोल्ट काढून तेलाच्या ट्रेमध्ये पडायचे आणि शेवटी ज्याचा त्याला परत. प्रत्येक बोल्ट आपल्याच बंदुकीला घासून बसवलेला असतो. दुसऱ्याचा घातला तरी बसतो, बंदही होतो. फक्त मागं केसाएवढी फट राहते. त्या फटीत काडतूस फाटतं आणि पितळ मागं येतं. डोळ्याकडे.

भाची : म्हणजे या दोन्ही नंबरांच्या बंदुका दुरुस्तीला एकाच दिवशी आल्या होत्या?

मामा : एकाच ट्रेमध्ये. बोल्ट मी घातले.

भाची : म्हणजे बाबांनी तो बंद केला होता.

मामा : पूर्ण.

भाची : चूक झाली, मामा. तुम्ही तेव्हा चोविशीचे असाल. मी आज भिंग लावूनही तेच केलं. तुम्हाला हे आत्ता कळलं ना?

मामा : नाही.

भाची : मग कधी?

मामा : तू दीड वर्षाची होतीस. चौकशीवाल्यांनी बंदूक आमच्याच कारखान्यात पाठवली, माझ्याच टेबलावर. सोबत एक कागद, त्यावर एकच प्रश्न, बोल्ट याच बंदुकीचा आहे का. मला नोकरीत कायम होऊन महिना झाला होता. मी रेघ पाहिली. मग बोल्ट फिरवला, रेघ वर केली, आणि लिहिलं, जुळतात.

भाची : थांबा.

मामा : मी म्हटलं, डोळा तर गेलाच आहे, माझ्या लिहिण्यानं परत येणार नाही. वाटलं, भाऊजी वरती अर्ज करतील, भांडतील, तेव्हा सांगू. ते भांडलेच नाहीत. पहिल्या वर्षी म्हणायचे, मी दांडी खाली पाडली होती, मला आठवतंय. दुसऱ्या वर्षी म्हणाले, पाडली असेन बहुतेक. पुढं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तुझ्या कारखान्याला लोक नावं ठेवतात ना, त्यांना सांग, चूक माझी होती. त्या दिवशी सांगायला हवं होतं. मी त्यांना मागच्या दाराची कडी बसवून दिली.

भाची : मला आत्ता तुमच्याशी बोलायचं नाहीये. पण पाच वाजायच्या आत लिहायचंय, म्हणून नीट सांगा. केसाएवढी फट म्हणू की आकडा घालू?

मामा : केसाएवढी. आकडा कुणाला कळतो.

भाची : ‘शिपायाने बोल्ट पूर्ण बंद केला होता. तो बोल्ट दुसऱ्या बंदुकीचा होता.’ साहेबांना यात शौर्य सापडायचं नाही.

मामा : पुढं माझं नाव लिही.

भाची : पाटीवर नावं नसतात, मघाशीच सांगितलं.

मामा : मग एवढं लिही, की तपासणाऱ्यानं हे पाहिलं होतं.

भाची : ‘तपासनिसाने हे पाहिले होते.’ लिहिलं. सत्तेचाळीस शब्द झाले.

मामा : बसेल ना?

भाची : बसेल. पण आज छापायला देत नाही. छापखान्याच्या माणसाला सोमवारी बोलावते. पाटी वाचायला आई येणार. भिंतीवरून कळायला नको तिला.

मामा : ताईला मी काय सांगू? बावन्न वर्षं तिच्या हातचं जेवतोय.

भाची : मला सांगितलंत तेच, त्याच क्रमानं. मी येणार नाही सोबत. आणि एक. तुम्हाला बघून ती आधी चहा टाकेल. तो घेऊ नका. उभ्यानंच सांगा.