दगडांसकट

तेराशे नव्वद किलोची कॅरॅव्हान ओढेल का ही गाडी, अगदी खरं सांगा? — हसू नका हो. ‘व्हॅनमध्ये काय दगड भरलेत का ताई’ म्हणता — हो, दगडच आहेत. शेहेचाळीस आहेत. मोजलेत मी, आणि कचरा डेपोच्या वजनकाट्यावर अख्खी व्हॅन नेऊन वजनही करून आणलंय, एकदा नाही, दोनदा, या बघा चिठ्ठ्या — दगडांसकट तेराशे नव्वद, दगडांशिवाय बाराशेला जरा कमी. तुमच्या पाटीवर लिहिलंय ना बाहेर, ‘कॅरॅव्हान ओढायला उत्तम, पेट्रोल कमी’ — ती वाचूनच आत वळले मी. पण पाटीवर काय, काहीही लिहितात. आमच्या व्हॅनच्या पत्र्यावरसुद्धा एक हजार वीस ठोकलंय — ते रिकामं वजन, कारखान्यातून निघाली त्या दिवशीचं. त्यात पाणी नाही, गॅस नाही, भांडी नाहीत, रजया नाहीत. माणसं संसार घेऊन निघतात हे त्या पत्र्याला ठाऊकच नाही. आणि लोक तोच आकडा धरून गाडी घेतात, मग हॉर्रॉक्सच्या घाटात चढावर बॉनेट उघडून उभे असतात. मी नाही धरायची. मला नेव्हनं शिकवलंय — नेव्ह म्हणजे माझा नवरा.

ती लाल गाडी नको, ती दाखवलीत मघाशी, मी बोलले नाही काही. तुम्ही म्हणालात पंधराशे ओढते — ओढत असेल, पण मागच्या हुकवर किती भार चालतो तिला? पंचाहत्तर. वहीत लिहून आणलंय मी. आणि आपल्याकडच्या व्हॅनच्या वजनाचा दहावा हिस्सा हुकवर बसावा लागतो, हो की नाही? मग तेराशे नव्वदचे किती झाले? — तेच ते. नेव्ह म्हणाला असता, ‘लिन, ही गाडी ओढत नाही, नुसती सोबत जाते.’ असं बोलतो तो. आता ही पांढरी — हिचे बाराशे, आणि हुकवर एकशेवीस, बरोबर? शंभर किलोमीटरला साडेसहा लिटर, ओढताना धरा दहा-अकरा. आमची जुनी अठरा पिते, आणि चढाला वीस. म्हणजे ही बसते. किंमतही बसते. फक्त दगड बसत नाहीत. ती राखाडी डिझेलवाली सगळंच ओढेल, दिसतंय मला, पण ती माझ्या हाताबाहेरची आहे, तिच्याकडे मी बघतसुद्धा नाहीये — बघितलं का? नाही बघितलं.

त्यांना घेऊन या म्हणता? येईल ना. म्हणजे — नाही येणार. शुक्रवारी सकाळी तो रिटायर झालेल्या पुरुषांच्या शेडमध्ये असतो, पोपटांसाठी घरटी ठोकत. तिथे वीसेक जण असतात, निम्मे बोलतात, निम्मे ठोकतात, आणि चहाला सगळेच. बारा वाजता मी त्याला आणायला जाते. नाही, त्याला माहीत नाही मी इथे आलेय ते. गंमत करायची म्हणून नाही सांगितलं — गंमत कसली. तुम्ही बसा ना, स्टॅव, उभे का? शर्टावर नाव वाचलं तुमचं, राग नाही ना? मी चालवणार आहे, मीच. का, बायका ओढत नाहीत का व्हॅन? एकोणतीस वर्षं मी मागे उभी राहून हात केलेत — डावीकडे, अजून डावीकडे, थांब, थांब म्हटलं ना नेव्ह! — आणि कॅरॅव्हान पार्कातले सगळे खुर्च्या बाहेर टाकून, हातात बिअर धरून तमाशा बघायला बसलेले. नवरा-बायको व्हॅन मागे घेतायत याहून मोठं नाटक नसतं त्यांना संध्याकाळी. आमच्या वेळी मात्र त्यांचं नाटक बुडायचं. नेव्ह एका झटक्यात लावायचा. खुर्च्या परत आत. आता मी फुटबॉलच्या मैदानामागे शिकतेय, मंगळवारी आणि गुरुवारी, कुणी नसतं तेव्हा. दोन कचऱ्याचे डबे पाडलेत आतापर्यंत, पण तिसरा नाही पाडला.

एकतीस वर्षं त्यानं धान्याचे ट्रक चालवले हो. गव्हाच्या हंगामात कोठारापाशी रांग लागायची ना — नेव्ह नुसता टायरच्या पोटाकडे बघायचा आणि वजन सांगायचा, काट्यावरच्या पोरी पैजा लावायच्या त्याच्याशी. भार कसा ठेवायचा ते त्याच्या अंगातच होतं. वजन चाकांवर, जरासं पुढे. दोन्ही बाजूंना सारखं. मागे कधीच नाही. लग्नातल्या शपथेपेक्षा जास्त वेळा ऐकलंय मी हे, मी भाजी भरायला लागले तरी मागून आवाज यायचा — ‘बटाटे मध्ये, लिन!’ आणि ते दगड — दरवर्षी हिवाळ्यात वर उत्तरेला, उबेला जायचं, जिथे जिथे राहायचं तिथला एकेक दगड उचलायचा, पांढऱ्या रंगानं गावाचं नाव आणि साल लिहायचं, आणि बाकांखाली ठेवायचा. दोन्ही बाजूंना सारखे. घरात कधी आणले नाहीत. ‘घरात कशाला, ते प्रवासातले आहेत’ म्हणायचा. मूल नाही आम्हाला. असो. पहिला दगड ब्लिनमनचा आहे, लाल, माझ्या पावाच्या डब्याएवढा. तिथेच त्यानं मला विचारलं होतं. म्हणजे मीच विचारलं, पण तो सांगताना त्यानं विचारलं असं सांगतो.

कॉफी नको, थँक्यू. बरं, द्या, अर्धी.

ईस्टरला आम्ही निघालो होतो. क्रिस्टल ब्रूकच्या पुढे, सरळ रस्ता, तोच चालवत होता. आणि मागून व्हॅन डोलायला लागली — तुम्हाला माहितीय ना कसं होतं ते, आधी वाटतं रस्ताच खराब आहे, मग कळतं की आता ती आपल्याला चालवतेय. इकडून तिकडे, इकडून तिकडे. आमच्या व्हॅनच्या पाठीवर ‘नेव्ह आणि लिन’ रंगवलंय, खाली वायरलेसचं चॅनल — सगळेच रंगवतात तसं — तर मागच्या ट्रकवाल्यानं ते वाचून वायरलेसवर हाक मारली, ‘ओ नेव्ह, ओ लिन, शेपूट डोलतंय रे तुमचं, ब्रेक मारू नका!’ आणि नेव्हनं ब्रेक मारला. जोरात मारला. एकतीस वर्षं जी गोष्ट करू नका म्हणून दुसऱ्यांना सांगितलं, तीच केली त्यानं. कसे वाचलो मला माहीत नाही, गवतात जाऊन थांबलो. ट्रकवाला बिचारा उतरून पळत आला. नेव्हनं काच खाली केली आणि म्हणाला, ‘वारा होता.’ स्टॅव, वारा नव्हता. रस्त्याकडेच्या गवताचं एक पातं हलत नव्हतं. मी व्हॅनचं दार उघडलं, तर बाकांखाली काही नाही. सगळे दगड मागे, पलंगाखाली, एकावर एक. म्हटलं, हे कुणी केलं नेव्ह? म्हणाला, ‘तिथे नीटनेटके दिसतात.’

तुम्हाला कळतंय ना मी काय सांगतेय? केटली गॅसवर विसरणं, एखादं नाव न आठवणं, हार्डवेअरच्या दुकानातून येताना भलत्याच गल्लीत शिरणं — हे कुणाचंही होतं, माझंही होतं. त्याच्यावर मी काही ठरवलं नव्हतं. पण दगड मागे? नेव्हनं? दुसऱ्या कुठल्या माणसानं केलं असतं तर मी म्हटलं असतं, बाबा, तुला समजत नाही. पण त्याला समजत नाही असं व्हायला — आतून काहीतरी निघून जावं लागतं ना. त्या दगडांवरच मी ठरवलं. दुसरं काही नाही.

काय ठरवलं? — काही नाही, तेच. चालवायचं नाही त्यानं. डॉक्टरांनी लायसन्स काढून घेतलं. म्हणजे डॉक्टरांनी लायसन्सवाल्यांना लिहून पाठवलं आणि मग ते गेलं. फार बोलला तो डॉक्टरांना, घरी आल्यावर — कालचं पोर, कधी ट्रकमध्ये बसलं नसेल, त्याला काय कळतं. मीही बोलले. हो, मीही. — तुम्ही असे बघू नका. बरं, सांगते, तुम्ही कुठे ओळखता आम्हाला, आणि गाव तसं लांब आहे आमचं. डॉक्टरांना मीच सांगितलं. सुपरमार्केटच्या बाहेर गाडीत बसून दवाखान्यात फोन केला, आइस्क्रीम विरघळत होतं मागच्या सीटवर, आणि मी फोन उचलणाऱ्या बाईंना सांगत होते, निरोप द्या, पण माझं नाव नको. मग पुढच्या आठवड्यात दवाखान्यात त्याच्या शेजारी बसले, आणि डॉक्टर बोलले तेव्हा मी म्हटलं, ‘असं कसं डॉक्टर?’ आवाजसुद्धा चढवला. आणि घरी येताना — मी चालवत होते — नेव्ह म्हणाला, ‘तू तरी माझ्या बाजूनं बोललीस, लिन.’ दोनदा म्हणाला. आता कधीकधी तेवढंच लक्षात असतं त्याच्या. परवासुद्धा शेजारच्याला सांगत होता.

म्हणून छोटी गाडी बघतेय मी. पेट्रोलचं आहेच — पेट्रोलचं खोटं नाही, वही आहे माझ्याकडे. पण जुन्या गाडीची चावी पिठाच्या डब्यात लपवावी लागते मला. तो शोधतो. विचारत नाही, नुसता कपाटं उघडतो आणि बंद करतो, आणि मी भांडी घासत उभी राहते. मोठी गाडी दारात आहे तोवर तो शोधणार. ही पांढरी असली की नाही शोधणार — ‘बायकांची बाजाराची गाडी’ म्हणेल, हसेल, आणि डावीकडे बसेल. इतकं साधं आहे ते. आणि वर उत्तरेला जाऊन यायचं आम्हाला, यंदाच. डॉक्टरीणबाई — आता दुसऱ्या आहेत, चांगल्या आहेत — म्हणाल्या, जायचं तर यंदा, पुढच्या वर्षीचं धरून चालू नका. ब्लिनमन त्याला ब्लिनमन वाटतंय तोवर. मग मी वजन काढत बसले. दगड नेले तर राखाडी गाडी हवी, ती जमत नाही. दगड ठेवले तर पांढरी चालते. आणि म्हटलं, दगड तर दगड. जिथले आहेत तिथेच चाललोय ना आपण.

मंगळवारी दुपारी तो झोपला तेव्हा मी सगळे बाहेर काढले. माझ्या कमरेला विचारा. कुंपणाला लागून ओळीनं मांडले, नावं वर करून — ब्लिनमन, हॉकर, मरी, आर्करूला — आणि व्हॅन घेऊन काट्यावर गेले. परत आले तर तो ओळीपाशी उभा. एकेक वाचत होता. आधी वाटलं, रडतोय. रडत नव्हता, उन्हामुळे डोळे बारीक केले होते. म्हणाला, ‘हे इथे कशाला?’ म्हटलं, व्हॅन साफ करतेय. म्हणाला, ‘किती भरली?’ — म्हणजे काट्यावर. मी कुठे गेले होते ते मी बोललेच नव्हते, स्टॅव. व्हॅनच्या टायरांकडे बघत होता तो. मी खोटं सांगितलं, म्हटलं कसलं किती, धुवायला नेली होती. ‘बरं,’ म्हणाला. आत गेला आणि टीव्ही लावला. संध्याकाळी माझं नाव चुकला, मला त्याच्या बहिणीच्या नावानं हाक मारली. म्हणून मला वाटलं, माझं बरोबर आहे. माझं बरोबरच आहे.

नको, चावी नका काढू. चालवून नाही बघायची मला. नाही हो, तुमची काही चूक नाही, गाडी चांगली आहे, कुणीतरी घेईल. — त्या राखाडीचं? काय बघू तिचं, सांगितलं ना. तुम्ही हप्ते म्हणताय, पण ते नंतर, फोन करते मी, हे तुमचं कार्ड घेतलं बघा. पावणेबारा झाले. तो दारात येऊन उभा राहतो, हातात ते घरटं घेऊन, आणि उशीर झाला की त्याला वाटतं मी येणारच नाही. — एवढं सगळं बोलून मग का नको? तुम्ही अगदी नेव्हसारखं विचारता, सरळ. त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी मी व्हॅनचं दार उघडलं, तर शेहेचाळीसच्या शेहेचाळीस दगड परत आत होते — पलंगाखाली नाही, बाकांखाली, दोन्ही बाजूंना सारखे, चाकांच्या जरासे पुढे.