लाखनीऐवजी लाखांदूर

भाच्याचं लग्न माझ्यामुळे जमायच्या आधीच मोडत होतं, ते सांगतो. मुलगी पाहायला लाखनीला जायचं होतं. फोनवर मी ऐकलं लाखांदूर. बायको म्हणाली, "परत एकदा विचारून घ्या." मी म्हटलं, "मले नोको शिकवू."

भाच्याला घेऊन लाखांदूरला उतरलो, तोच मुलीच्या वडिलांचा फोन आला. "कुठं हाय जी? आम्ही लाखनीच्या स्टँडवर उभे हाओ."

तोंडातून निघून गेलं, "बस पंचर झाली जी."

"कोनत्या गावापाशी? मोटरसायकल घेऊन येतो."

भाचा माझ्याकडे बघत राहिला. शेवटी म्हटलं, "पंचर नाही झाली जी. ऐकण्यात चूक माही झाली, अन् वरून खोटं बी बोललो. आम्ही लाखांदूरले हाओ."

तिकडून ते म्हणाले, "या सावकाश. जेवन ठेवतो."

पोचलो तेव्हा दिवस कलला होता. मुलीने भाच्याला एकच प्रश्न विचारला, "मामा सोबत नसले, तर तुम्ही बरोबर पोचता ना?"

"पोचतो," भाचा म्हणाला.

लग्न जमलं. पत्रिकेवर 'लाखनी' तिने जाड अक्षरांत छापून घेतलं, आणि मी ते बायकोकडून दोनदा वाचून घेतलं.